बेसूर क्लॅरनेट आणि आहुप्याची गाडी

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे. ऑफिसात जेवणाची सुट्टी चालूये, डबा अजून उघडलेला नाही, एका हातानं टाईप करतेय. चुका झाल्या तर समजून घ्या. सकाळपासून जीव नुसता टांगणीला लागला होता आणि आत्ता दहा मिनिटांपूर्वी खाली आला, म्हणून लिहितेय. नाहीतर संध्याकाळपर्यंत यातलं निम्मं विसरेन.

झालं असं की सकाळी घोडेगावच्या जुन्या ग्रुपवर मेसेज आला. "आपल्या रेडिओवरची गाणी बदलणार. आता दिवसभर फक्त नवीन हिट. जुनं सगळं बंद." खाली रडके चेहरे, अंगठे, आणि कुणीतरी नेहमीप्रमाणे गुड मॉर्निंगचं गुलाब. आणि मी हातातलं काम टाकून रेडिओ स्टेशनला फोन लावत बसले. कारण हीच अफवा मी एकदा बघितलीये. बघितली काय, मीच पसरवली होती! आणि तेव्हा जे झालं ते आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

ते सांगायचं तर आधी चाचा सांगायला पाहिजेत.

कॉलेज झाल्या झाल्या मी घोडेगावला एका छोट्या रेडिओ स्टेशनवर लागले. लई छोटं. स्टँडसमोर एक इमारत, तिच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. एका खोलीत माईक, दुसऱ्या खोलीत चपला. रेंज म्हणाल तर खाली मंचरच्या अलीकडपर्यंत आणि वर डिंभ्याच्या धरणामागच्या वाड्यांपर्यंत. त्याच्याही वर, आहुप्याला, लागत नाही म्हणतात. तिकडच्या एक आजी मात्र म्हणायच्या की देवराईच्या कडेला एक खडक आहे, त्याच्यावर रेडिओ ठेवला की लागतो. खडकावर लागतो, खाली ठेवला की जातो.

गाणी लावायचं काम चाचांकडं. चाचा जुन्नरचे. त्यांच्या घराण्याचा लग्नाचा बँड होता, डीजे आल्यावर बंद पडला. त्यात ते क्लॅरनेट वाजवायचे. रोज सकाळी जुन्नरहून जुन्या स्कूटरवर येणार, आणि स्वेटर घालून. मे महिना असला तरी स्वेटर! मी विचारलं, "चाचा, उकडत नाही का?" तर म्हणाले, "उकडतंय की. पण खिशे स्वेटरला हायेत." खरंच. एका खिशात शेंगदाणे, दुसऱ्यात पेनड्राईव्ह, आणि प्रत्येक पेनड्राईव्हला वेगळ्या रंगाचा दोरा. लाल दोरा भजनं, हिरवा कव्वाली, पिवळा लावण्या, काळा म्हणजे "ज्यांचं आपल्याला काय कळत न्हाई ती". माझी सगळी आवडती गाणी काळ्या दोऱ्यात होती.

कॉम्प्युटरशी त्यांचं जमायचं नाही. माऊस ते दोन बोटांनी धरायचे, मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसा. हेडफोन एकाच कानाला लावायचे. दुसरा कान कायम मोकळा, खिडकीकडं. खुर्चीही खिडकीला चिकटवून. सगळा स्टुडिओ एका बाजूला आणि चाचा एका बाजूला. मी म्हणायचे, "चाचा, इकडं बसा की, पंखा आहे." तर म्हणायचे, "मला हवा न्हाई लागत, मला रस्ता लागतो."

फोनवर फर्माईश आली की गाण्याचं नाव विचारायच्या आधी विचारणार, "जेवलात का पावणं?" समोरचा नाही म्हणाला तर, "मग आधी जेवा, गाणं कुठं पळून जात न्हाई." आणि खरंच लावायचे नाहीत. अर्ध्या तासानं तो माणूस परत फोन करणार, "चाचा, जेवलो हो." मग गाणं. सगळ्या तालुक्याला सवय होती.

त्यांचं एक वाक्य होतं, ते मला कधीच कळलं नव्हतं. मी म्हणायचे गाणं लावते. ते म्हणायचे, "गाणं लावायचं नस्तं गं. सोडायचं अस्तं. टायमावर."

आता मुख्य गोष्ट. क्लॅरनेट.

रोज, म्हणजे रोज, चाचा मध्येच स्वतःचं क्लॅरनेट लावायचे. जुनं रेकॉर्डिंग, बँडच्या काळातलं. दोनेक मिनिटांचं. आणि राव, ते बेसूर होतं! सुरुवातीलाच एक सूर असा काही चिरकायचा की खालच्या टपरीवरचं कुत्रं उठून बसायचं. आणि वेळ काही ठरलेली नाही. एखाद्या दिवशी दहाला, एखाद्या दिवशी साडेअकराला, एखाद्या दिवशी लावायचेच नाहीत. एकदा मी टोमॅटोवरच्या करप्याबद्दल एका साहेबांची मुलाखत घेत होते. लाईव्ह! साहेब औषधाचं प्रमाण सांगतायत, "पंधरा लिटर पाण्याला..." आणि चाचांनी बटण दाबलं. टीऽऽऽ! करपा गेला, साहेब गेले, क्लॅरनेट सुरू. साहेब माझ्याकडं बघतायत, मी चाचांकडं बघतेय, चाचा खिडकीबाहेर बघतायत. दोन मिनिटांनी शांतपणे म्हणाले, "हां, बोला आता. किती पाण्याला?"

मी रडायचीच बाकी होते. मला वाटायचं, म्हाताऱ्याला स्वतःची हौस आहे. बँड बंद पडला, आता रेडिओवर स्वतःलाच वाजवून घेतोय. सगळ्यांना तेच वाटायचं. आमच्या अध्यक्ष काकांनाही. काकांचं खतांचं दुकान, माणूस चांगला, पण दुकानात आलेलं गिऱ्हाईक काहीही बोललं की ते तडक स्टेशनवर येऊन सांगायचे. गिऱ्हाईकं म्हणायची तुमच्या रेडिओवर मांजर मारतात का रोज.

आणि मग मी, हुशार मी, काकांना म्हणाले, "काका, फॉर्मॅट बदलूया." दिवसभर हिट गाणी, कॉम्प्युटरवर लिस्ट लावून ठेवायची, आपोआप वाजत राहील. काकांना "आपोआप" हा शब्द लई आवडला.

त्याच संध्याकाळी मी स्टेटस ठेवलं. "आपल्या रेडिओवर मोठ्ठा बदल येतोय! ओळखा काय!" दोन उद्गारचिन्हं, एक रॉकेट.

बापरे, मग जे पेटलं! टपरीवर एक म्हणे, "आता निस्ता डीजे." दुसरा म्हणे, "अरे न्हाई, निस्तं कीर्तन. मला आतली खबर हाये." सलूनमध्ये बातमी होती की पुण्याच्या कुठल्यातरी शेठनं स्टेशन विकत घेतलंय आणि हिंदी चालू होणार. निमगाव सावाहून माझ्या आईचा फोन, तिथं तर आमचं स्टेशन लागतही नाही, "काय गं, तुमचं बंद पडणार म्हणं?" आणि मी प्रत्येकाला उत्तर काय देतेय? "थोडं थांबा, कळेलच!" मला मजा येत होती. खरं सांगते, मजा येत होती.

चाचांनी एकदा शेंगदाणे सोलता सोलता विचारलं, "मग क्लॅरनेट ऱ्हाणार का जाणार?"

मी म्हणाले, "चाचा, बघू ना."

"हं," म्हणाले. आणि टरफलं गोळा करून खिशात ठेवली.

ट्रायलचा दिवस ठरला. काकांनी चाचांना त्या दिवशी सुट्टी घ्यायला सांगितली, म्हणजे वाद नको. मला मात्र रात्रभर कसंतरी वाटत होतं, म्हणून सकाळी लिस्ट करताना मी एक छान काम केलं. निदान मला ते छान वाटलं. चाचांचं क्लॅरनेट मी लिस्टमध्ये घातलं. मान म्हणून. एकदा नाही, तीनदा! साडेनऊला, बाराला आणि तीनला. नीट वाटून, म्हणजे कुणाच्या कानाला एकदम त्रास नको.

साडेनऊला वाजलं. कुत्रं उठलं. मी हसले.

बाराला परत वाजलं. आणि सव्वाबाराला फोन.

"ताई, ही दुसरी गाडी हाये का?"

"कुठली गाडी?"

"आवो गाडी! आता वाजलं न्हाई का क्लॅरनेट? सकाळी वाजलेली गाडी काय आली न्हाई. मंग मंडळी म्हणली, मधीच बंद पडली आसंल, ही दुसरी निघाली. आता अडीचला येईल ना?"

माणूस डिंभ्याच्या वरच्या एका वाडीतला होता. मला एक अक्षर कळेना. मी म्हणाले, "भाऊ, नीट सांगा, कसली गाडी, कसलं वाजलं?" मग मला म्हणाला, जरा दयेनंच, "तुमी नव्या दिसता."

मग त्यानं सांगितलं. आहुप्याची एसटी घोडेगावातून वर निघाली की रेडिओवर क्लॅरनेट वाजतं. गाडी आहुप्याला जाते, फिरते आणि उलटी खाली येते. क्लॅरनेटपासून अडीच तासांनी ती त्यांच्या वाडीखालच्या रस्त्यावर. घाटातला रस्ता, कधी लवकर कधी उशिरा निघणार, कधी दरड म्हणून निघणारच नाही. वाडीवर फोनला रेंज नाही, रेंज खाली रस्त्यावर. मग काय, क्लॅरनेट वाजलं की भाकरी टाकायची, जनावरांना पाणी, अंघोळ, आणि अर्धा तास डोंगर उतरून रस्त्यावर. वाजलं नाही तर आपलं शेतात जायचं. "नायतर आख्खा दिस फाट्यावर बसून जातो ना ताई," तो म्हणाला. "आन ते चाचा कुठं गेलं?"

म्हणजे हौस नव्हती ती. वेळापत्रक होतं! आणि मी ते वेळापत्रक मान म्हणून तीनदा वाजवलं होतं.

मी विचारलं, "आता रस्त्यावर कोण आहे?"

"लई जण व्हते. माझ्या खिशातल्या रेडिओवर दुसरं वाजल्यावर घरी गेलं जेवाया. मी निघालोच व्हतो. ही एक मावशी तेवढी थांबलीये पोरीला घेऊन. घ्या बोला."

मावशींनी फोन घेतला. आवाज धापा टाकत. "बाय, माझ्या पोरीचा नर्सिंगला नंबर लागलाय. मंचरला कागदं तपासायची हायेत. आज शेवटचा दिस, चार वाजंपर्यंत. अडीचच्या गाडीनं घावंल का गं?"

अडीचची गाडी. ती गाडी जगात नव्हतीच. ती मी बनवली होती.

खरी गाडी कुठं होती? मला माहीतच नव्हतं. मी सकाळपासून खिडकीकडं पाठ करून बसले होते. मावशींना म्हटलं, "तिथून हलू नका, पाच मिनिटांत सांगते." आणि चाचांना फोन लावला.

"जेवलीस का?" हे पहिलं वाक्य.

"चाचा, मी काहीतरी केलंय." आणि सगळं भडाभडा सांगितलं. रडले पण.

मला वाटलं, आता ओरडणार. म्हणाले, "रडणं नंतर. खाली जा. टपरीवाल्याला विचार, गाडी कवा गेली."

मी दोन-दोन पायऱ्या उतरले. टपरीवाल्या भाऊंचा हात चहाच्या पातेल्यात, मान न वळवता म्हणाले, "पावणेअकराला. ड्रायव्हरनं दोन हॉर्न दिले रोजच्यासारखे, वर बघितलं. खिडकीत कुणीच न्हाई. म्हणला, आज म्हातारा आजारी हाये का?"

पावणेअकराला! म्हणजे सव्वा वाजता गाडी वाडीखाली. आणि त्या वेळी सगळे घरी जेवत बसलेले असणार, अडीचच्या हिशोबानं. मी परत वर, परत फोन.

चाचा म्हणाले, "मग सांग त्यांना."

"कसं? एक क्लॅरनेट अजून लावू?"

"अगं येडी का? त्यानं तीन व्हतील! तोंडानं सांग. माईक कशाला दिलाय?"

"पण तुम्ही कधी तोंडानं का नाही सांगितलं?"

तर म्हणाले, मागं एकदा सांगितलं होतं. गाडी निघाली म्हणून बोलले, आणि ती दरडीपाशी जाऊन माघारी फिरली. लोकांनी दुसऱ्या दिवशी बिचाऱ्या ड्रायव्हरलाच धरलं, रेडिओ म्हणला निघाली, मग तू कुठं नेली? तो येऊन हात जोडून म्हणाला, चाचा, बोलत नका जाऊ. "बोललं की शब्द व्हतो. वाजवलं की निस्तं वाजवलं. तवापासनं वाजवतो. पण आज बोलाया लागंल. कुणी काय म्हणलं तर माझं नाव सांग."

मी हिट गाणं मध्येच बंद केलं. माईक चालू केला. मी एरवी माईकवर लई चुरूचुरू बोलते. त्या दिवशी एकेक शब्द सावकाश बोलले. म्हणाले, "डिंभ्याच्या वरच्या सगळ्या वाड्यांना सांगते. सकाळचं क्लॅरनेट खोटं होतं. बाराचंही खोटं होतं. ते माझ्याकडून चुकून वाजलं. आहुप्याची गाडी पावणेअकराला वर गेलीये. सव्वा वाजता खाली येईल. जेवत असाल तर उठा. अडीचला गाडी नाही." हे चार वेळा सांगितलं. मधे गाणं नाही, काही नाही. मग त्याच नंबरवर त्या मावशींना फोन करून सांगितलं, हात दाखवून थांबवा, सोडू नका.

आणि तीनचं क्लॅरनेट लिस्टमधून काढलं. हे आधी आठवलं म्हणून देवाचे आभार.

मग खिडकीशी बसले. चाचांच्या खुर्चीत. तिथून पहिल्यांदाच बघितलं. स्टँडवरून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी दिसते, पाटीसकट. वळणापर्यंतचा रस्ता दिसतो. खिडकीच्या गजाला बोटांनी घासून घासून चकाकी आलेली. मी तो गज धरून बसले. दीड वाजला. पावणेदोन. मला काय काय दिसत होतं डोळ्यांसमोर काय सांगू, ती पोरगी, तिची फाईल, मंचरच्या ऑफिसचं बंद दार.

दोन वाजून पाच मिनिटांनी हॉर्न. दोन.

आहुप्याची गाडी वळणावरून आली. भरलेली! लोक दारात लटकलेले, एकाच्या हातात अजून भाकरीचा तुकडा. गाडी स्टँडवर थांबली आणि एक पोरगी उतरली, छातीशी प्लास्टिकची निळी फाईल. वर बघून तिनं ती फाईलच हलवली. मी खिडकीतून दोन्ही हात हलवले. तेवढ्यात मागून एक आजोबा ओरडले, "ए क्लॅरनेट! उद्यापासून नीट वाजव!"

सगळी गाडी हसली. मी इतकी हसले, इतकी रडले, की टपरीवाल्या भाऊंनी न सांगता चहा वर पाठवला. पोरगी समोरच लागलेल्या मंचरच्या गाडीत चढली. पावणेचारला मावशींचा फोन, "झालं गं बाय. शिक्का मारला."

दुसऱ्या दिवशी मीटिंग. अध्यक्ष काका लालबुंद. पण रागानं नाही, शरमेनं. कारण सकाळपासून दुकानात वाड्यांवरची माणसं येऊन विचारत होती, काका, चाचाला काढलं का? काका चाचांना म्हणाले, "अहो, तुम्ही सांगितलं का नाही कधी?"

"तुमी विचारलं कुठं? तुमी म्हणला क्लॅरनेट वाईट हाये. ते खरंच हाये. मी काय बोलणार?"

मला राहवलं नाही. "चाचा, पण मग चांगलं रेकॉर्डिंग का नाही लावलं? तुमच्याकडं दुसरी असतील की."

"हायेत की. लई गोड हायेत." शेंगदाणा तोंडात टाकला. "गोड लावलं तर माणसं ऐकत बसतील गं. उठली पायजेत ना!"

काका पोट धरून हसले. आणि ठरलं. हिट गाणी येणार, कॉम्प्युटर येणार, पण खिडकीशी खुर्ची राहणार आणि क्लॅरनेट माणसाच्याच हातानं वाजणार. मला वाटलं होतं चाचा हिट गाण्यांवर चिडतील. तर म्हणाले, "लाव की. मी कवा न्हाई म्हणलो? क्लॅरनेटला तेवढी वाट ठेव, ॲम्ब्युलन्सला ठेवतात तशी."

पुढं मी पुण्याला नोकरीला आले. चाचांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग त्यांनी काम सोडलं. आणि मी कितीतरी दिवस, खरं सांगते, फोनच केला नव्हता.

म्हणून आज सकाळचा तो मेसेज वाचला आणि धीर धरवेना. आता खिडकीत कोण असेल? त्यांना माहीत असेल का? की कुणीतरी माझ्यासारखीनंच परत "आपोआप" केलं? स्टेशनचा फोन लागेना. शेवटी टपरीवाल्या भाऊंना लावला. म्हणाले, "कोण, क्लॅरनेट का?" अजून तेच नाव! म्हटलं, भाऊ, खरंय का ते, जुनं सगळं बंद? म्हणाले, "गाणी बदलतायत बाबा, कायतरी नवीन धिंगाणा लावलाय सकाळपासून, मला तर आवडलाय. थांब, थांब..." आणि फोनमधून लांबून दोन हॉर्न ऐकू आले. मग तो धिंगाणा मध्येच कापला गेला. आणि टीऽऽऽ! तोच चिरका सूर. पाठोपाठ कुत्रं.

मी ऑफिसच्या जिन्यात खाली बसले. इतकं बरं वाटलं ना.

मग चाचांना लावला. जुन्नरला घरीच होते. मी म्हणाले, "चाचा, मी बोलतेय, गाडी निघाली! आत्ता!"

"माहितीये. खिडकीत आता माझा नातूच बसतो, रोज फोनवर ऐकवतो," म्हणाले. "जेवलीस का?"

म्हटलं, नाही.

"मग ठेव. जेवून कर फोन."

ठेवला त्यांनी! तर आता हा डबा उघडतेय, कारण त्याशिवाय ते बोलणार नाहीत. पण तोवर तुम्ही सांगा ना, तुमच्याही ओळखीत असा कुणी होता का, ज्याच्या खोडीवर तुम्ही वर्षभर हसलात, वैतागलात, आणि ती एक दिवस चुकली तेव्हाच कळलं की तिच्यावर कितीजण घरातून निघत होते?